ऑक्सिजन हाय

पोस्टिंगचा सिग्नल आला तेव्हा मी इंजिन रूममध्ये गुडघ्यांवर बसून पंप उघडत होतो. सकाळचे ०८४० झाले होते. पाणबुडीला आम्ही बोट म्हणतो. त्या बोटीवर मी चार वर्षं काढली होती आणि पुढची पोस्टिंगही समुद्रावरच मिळणार असं धरून चाललो होतो. सिग्नलमध्ये मुंबईच्या गोदीचं नाव होतं. नवी बोट बांधली जात होती आणि तिच्यावर पुढे जाणाऱ्या खलाशांपैकी काही जणांनी बांधकाम चालू असतानाच तिथं हजर राहायचं होतं. अशा तुकडीला स्टँडिंग बाय क्रू म्हणतात. सोबतचे म्हणाले, "चैन आहे चीफची. जमिनीवर झोपायचं, ताजी भाजी खायची." मलाही तसंच वाटलं होतं.

माझं नाव बबन. गाव निमगाव केतकी, तालुका इंदापूर. चीफ पेटी ऑफिसर म्हणून निवृत्त झालो आणि आता घरची डाळिंबं बघतो. मागच्या महिन्यात गावच्या शाळेनं "पाणबुडी कशी बांधतात" या विषयावर बोलायला बोलावलं. तासभर बोललो. गोदीचा सगळा इतिहास सांगितला. पोरांनी टाळ्या वाजवल्या, हेडमास्तरांनी नारळ दिला आणि म्हणाले, हे लिहून काढा. लिहायला बसलो तेव्हा कळलं की तासाभरात मी एका माणसाचं नाव टाळलं होतं. तो इथून जवळच्या लासुर्ण्याचा होता. त्याच्याशिवाय हा इतिहास सांगणं म्हणजे लबाडी आहे, म्हणून आता सरळ लिहितो.

गोदीचा इतिहास मला सावंत फोरमननी शिकवला. ते मालवणकडचे होते आणि बोलायला लागले की थांबत नसत. गोदीत आधी मालवाहू जहाजं बांधली, मग युद्धनौका. पाणबुडीचं काम पहिल्यांदा आलं तेव्हा नकाशे परदेशातून आले, शिकवणारेही आले आणि आपले वेल्डर वर्ष-वर्ष त्यांच्याकडे जाऊन शिकून आले. बोटी झाल्या, चांगल्या झाल्या. मग पुढचं काम आलंच नाही. शेडमधल्या साच्यांवर गंज चढला. पाणबुडीच्या पोलादावर हात बसलेले वेल्डर आखातात गेले, नाहीतर घरी बसले. सावंत सांगायचे, "लोखंड राहतं रे, हात जातात." बऱ्याच वर्षांनी दुसऱ्यांदा काम मिळालं तेव्हा सगळं अ आ इ ई पासून सुरू करावं लागलं. शंभर जणांची परीक्षा घ्यायची आणि चार-पाच ठेवायचे, असं ते चाललं होतं. आपण हळहळतो की दुसऱ्या देशांना आपल्याआधी जमलं, पण हातातली विद्या एकदा घालवली की किती महाग पडते ते मी तिथं बघितलं.

त्या ठेवलेल्यांमध्ये संपत होता.

पहिल्यांदा भेटला तो असा. मी शेडमध्ये उभा राहून कुणाला तरी विचारत होतो, "हितं प्याच्या पान्याची सोय कुठं हाय?" नौदलात मी हिंदी-इंग्रजी बोलायचो, पण घाईत जीभ घरी जायची. वरच्या मचाणावरून आवाज आला, "हाय की, हाय! कुठलं म्हनायचं पावनं?" मास्क वर करून एक काळासावळा गडी खाली वाकून हसत होता. मी निमगाव केतकी म्हणालो. तो मचाणावरून जवळजवळ उडी मारूनच खाली आला.

वय एकोणतीस. वडील उसाचे शेतकरी. आयटीआय करून वालचंदनगरला मोठ्या यंत्रांच्या कामावर वेल्डिंग शिकला आणि तिथून गोदीत आला. पाणबुडीच्या कवचावर जो जोड बसतो त्याचा एक्स-रे काढतात. केसाएवढी पोकळी दिसली तरी सगळा जोड कापून पुन्हा करायचा. संपतचा जोड क्वचितच परत येई. जोडाशेजारी वेल्डरचा नंबर ठोकायची पद्धत असते. बोट बुडेपर्यंत किंवा भंगारात जाईपर्यंत तो नंबर तिथं राहतो. संपत म्हणायचा, "आबा सातबाऱ्यावर नाव लावतात, आपन बोटीवर."

मला भाऊ नाही. दोन वर्षांत तो माझा धाकटा भाऊ झाला हे मी त्याला कधी बोललो नाही. दुपारी एकत्र डबा खायचो. त्याच्या आईनं पाठवलेली शेंगदाण्याची चटणी तो मला मोजून एक चमचा द्यायचा आणि वर "नौदलाला सरकार खायला घालतंय की" असं ऐकवायचा. आम्ही दोघं दिसलो की सावंत ओरडायचे, "इली बघा हाय-न्हाय कंपनी!" सगळी गोदी हसायची. आम्हीही हसायचो. आमच्या बोलीवर हसणाऱ्याचा मला एरवी राग येतो. पण सावंतांच्या तोंडी ते प्रेमाचं होतं, शिवाय संपतला ते नाव फार आवडायचं.

आता त्या दिवसाचं.

बोट पाण्यात उतरवायला तीन आठवडे उरले होते. इंजिन रूमच्या खाली चार नंबरची टाकी होती. तिच्यात एका ब्रॅकेटचं, म्हणजे आधाराच्या पट्टीचं, वेल्डिंग राहिलं होतं. काम दहा मिनिटांचं. अशा बंद जागेत माणूस उतरण्याआधी हवा तपासायची असते. तपासणारा गोदीचा माणूस, बेहेरा, ओडिशाचा. तो पलीकडच्या बाजूच्या झाकणातून मीटरची नळी आत सोडणार, आकडा बघणार आणि मला फोनवर सांगणार. मी अलीकडच्या झाकणापाशी. मी आकडा हॉट वर्क परमिटवर, म्हणजे आगीच्या कामाच्या परवान्यावर, लिहायचा, वेळ टाकायची, सही करायची आणि कागद वेल्डरच्या हातात द्यायचा. कागद हातात आल्याशिवाय वेल्डरनं आत जायचं नाही. नियम साधा होता आणि मी तो इतरांना घोकून घ्यायला लावायचो.

सकाळी त्याच टाकीत गॅस कटिंग झालं होतं. ऑक्सिजनची एक नळी आत राहिली होती आणि तिचा व्हॉल्व्ह पूर्ण बंद नव्हता. कुणाच्या हातून राहिलं ते शेवटपर्यंत कळलं नाही. जेवणाच्या सुट्टीत सगळा वेळ ऑक्सिजन टाकीत भरत राहिला.

इथं नौदलाबाहेरच्या लोकांना एक गोष्ट सांगायला हवी. ऑक्सिजन कमी पडला तर माणूस गुदमरतो हे सगळ्यांना माहीत असतं. ऑक्सिजन जास्त झाला तर काय होतं हे फार थोड्यांना माहीत असतं. माणसाला काही कळत नाही, वास येत नाही, उलट हुशारी वाटते. पण एक ठिणगी पडली की कपडे, केस, हातमोजे, जे एरवी नुसतं धुमसतं ते भडकून जळतं. मला हे शिकवलेलं होतं. परीक्षेत मी याचं उत्तर लिहून मार्क मिळवले होते. तरीही टाकी म्हटलं की माझ्या मनात भीती एकच यायची, आत हवा नसेल तर?

१४१२ ला फोन वाजला.

"टँक फोर. टेस्ट डन. ऑक्सिजन हाय."

"रॉजर," मी म्हणालो. त्यानं फोन ठेवला.

बेहेरानं इंग्रजीतलं 'हाय' म्हटलं होतं. जास्त. धोका. काम थांबवा. त्याच्या बाजूनं त्यानं काम थांबवलं होतं आणि तो पाणी प्यायला गेला.

मी ऐकलं ते माझ्या गावचं 'हाय'. आहे. हवा आहे. ठीक आहे.

मी आकडा विचारायला हवा होता. ते माझं काम होतं. मी विचारला नाही, कारण मला जे ऐकायचं होतं तेच ऐकू आलं होतं आणि तेही माझ्या आईच्या भाषेत.

संपत झाकणाच्या कडेवर बसला होता. मास्क कपाळावर, पाय आत सोडलेले. त्यानं विचारलं,

"बबनराव, ऑक्सिजन हाय का?"

"हाय."

"मग जाऊ?"

"जा. कागद करतो मी."

परमिटचं पॅड जिन्याच्या वर टेबलावर राहिलं होतं. मी ते आणायला वळलो. १४१४ ला मी जिन्याच्या मधल्या पायरीवर होतो. शेगडी उशिरा पेटली की भप्प असा आवाज होतो तसा आवाज आला, पण खूप मोठा. पाठीवर झळ आली. मागे बघितलं तर झाकणाचं तोंड पांढरं झालेलं.

पुढची सात मिनिटं मला तुकड्यांत आठवतात. अलार्म. सावंतांचा आवाज. दोन फायरमन. मी आत हात घातला तेव्हा माझे हात भाजले, ते फारसं काही नाही. १४२१ ला त्याला बाहेर काढलं. आणि तेवढ्यात पलीकडून बेहेरा धावत आला. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता. तो सारखं एकच ओरडत होता, "मैंने हाय बोला था! हाय बोला था मैंने!"

तेव्हा मला कळलं.

अँब्युलन्समध्ये मी संपतच्या शेजारी बसलो. तो शुद्धीवर होता. त्याच्या अवस्थेबद्दल मी लिहिणार नाही. एकदाच त्यानं डोळे माझ्याकडे फिरवले आणि विचारलं, "कागद झाला का?"

"झाला," मी म्हणालो.

कागद झाला नव्हता. पॅड अजून त्या टेबलावर कोरंच पडलं होतं. १८५० ला डॉक्टर बाहेर आले.

दुसऱ्या दिवशी त्याला गावी नेलं. गोदीची गाडी होती, सोबत दोन अधिकारी. बारामती सोडून पुढे आलो तसा रस्त्याच्या दोन्ही बाजूला ऊस सुरू झाला. त्याचे वडील ज्ञानदेव आबा दारात उभे होते. त्यांनी अधिकाऱ्यांना एवढंच विचारलं, "कसं झालं?" अधिकारी म्हणाले, चौकशी चालू आहे, कळवू. मी दोन हात अंतरावर उभा होतो. हातांना बँडेज होतं. आबांनी ते बघितलं आणि म्हणाले, "तुमी वाचवायला गेलता व्हय? देव तुमचं भलं करो." मी मान खाली घातली. त्यांना वाटलं दुःखानं.

दहा दिवसांनी बोर्ड ऑफ इन्क्वायरी बसलं. टेबलापलीकडे तीन अधिकारी. बेहेरा आधी सांगून गेला होता की त्यानं रीडिंग जास्त असल्याचं कळवलं. मग मला आत बोलावलं.

"फोनवर रिपोर्ट मिळाला?"

"मिळाला, सर."

"काय मिळाला?"

"ऑक्सिजन हाय, सर."

त्यांनी ते इंग्रजीत लिहून घेतलं. मी जे ऐकलं होतं ते लिहिता येईल अशी जागाच त्या कागदावर नव्हती, आणि मी ती मागितली नाही.

"वेल्डरला परमिट दिलं होतं?"

मी म्हणालो, "मी सही केली नव्हती, सर."

हे वाक्य खरं होतं. शब्द न् शब्द खरं. याहून मोठं खोटं मी आयुष्यात बोललेलो नाही. झाकणापाशी आम्ही दोघंच होतो. त्यानं काय विचारलं आणि मी काय सांगितलं हे तिसऱ्या कुणाला माहीत नव्हतं. मला सतरा वर्षांची नोकरी दिसत होती, बोट दिसत होती, अंगावरचा गणवेश दिसत होता. मी घाबरलो. पाण्याखाली शेकडो मीटरवर न घाबरलेला माणूस एका लाकडी टेबलासमोर घाबरला. अध्यक्षांनी विचारलं, "आणखी काही सांगायचंय, चीफ?" मी म्हणालो, "नाही, सर." १११० ला मी बाहेर आलो.

निष्कर्ष लागला की मृत वेल्डर परवानगी न घेता टाकीत उतरला.

बोट ठरल्यापेक्षा उशिरा पाण्यात उतरली. बँड वाजला, नारळ फुटला. मी तिच्यावरच गेलो. पहिल्या खोल डाइव्हला कवच दाबानं कुरकुरतं, तेव्हा नव्या पोरांचे चेहरे उतरतात. माझी नजर एका जोडावर होती. शेजारी त्याचा नंबर ठोकलेला होता. वर अख्खा समुद्र होता आणि त्या जोडातून एक थेंब आला नाही. त्या दिवशी मी संडासात जाऊन रडलो, कारण पाणबुडीत एकटं व्हायला दुसरी जागा नसते.

पुढे माझ्या हाताखालच्या पोरांना माझं एक वेड माहीत झालं. हाय, लो, नॉर्मल, ओके असं कुणी फोनवर म्हटलं की मी अंगावर धावून जायचो. "आकडा बोल! आकडा!" ते मला मागून आकडेवाले चीफ म्हणायचे. कारण कुणी विचारलं नाही.

निवृत्त होऊन दीड वर्ष झालं. निमगावहून लासुर्णे काही लांब नाही. दीड वर्षात मी पाचदा मोटारसायकल काढली आणि पाचदा मधूनच वळलो. शाळेतल्या भाषणानंतर तिसऱ्या दिवशी गेलो. १६३० ला आबांच्या दारात होतो.

आबा थकले होते, पण मला ओळखलं. "या बबनराव. अगं, च्या टाक. संपतच्या बोटीवरचं सायेब आल्यात." संपतची आई बाहेर आली, पदर सावरला, आत वळणार तोच मी म्हणालो, "काकू, थांबा. दोघांनीबी ऐका."

आणि मी सांगितलं. अटेन्शनमध्ये उभा राहून, फोन वाजल्यापासून बोर्डापर्यंत. एकही गोष्ट गाळली नाही. हाय शब्दाचं सांगताना मला वाटलं होतं की त्यांना समजावून सांगावं लागेल. लागलं नाही.

आबा म्हणाले, "म्हंजे त्यानं इचारलं व्हतं."

"व्हय आबा. इचारून गेला. मीच जा म्हनलो."

"मला कागद आलाता. परवानगी न घेता शिरला म्हनून. मला वाचाया येत न्हाय. म्या डेरीवर नेला, सेक्रेटरीनं मोठ्यानं वाचला. सगळी दूध घालाया आल्याली मान्सं, सगळ्यांम्होरं. आठ वर्सं, बबनराव. पोरगं गडबड्या व्हतं, स्वतःच्या मरनानं मेलं, असं लोकं म्हनत्यात. लोकांचं सोडा. म्या म्हनलो. माझ्या तोंडानं. ह्या आंगनात बसून म्या त्याला शिव्या दिल्यात, मेल्यावर."

संपतची आई उंबऱ्यावर खाली बसली होती. तिनं मला एकच विचारलं. "जेवला व्हता का त्यो?"

"व्हय काकू. तुमची चटनी व्हती डब्यात."

तिनं मान हलवली आणि पदर तोंडाला लावला. मला वाटलं होतं कुणी मारील, ओरडेल. तसं काही झालं असतं तर बरं झालं असतं.

मी आबांच्या पायाशी वाकलो. त्यांनी पाय मागे घेतले. "माफी-बिफी काय मागू नगं. ती माझ्याजवळ न्हाय." इतका वेळ ते मला तुमी म्हणत होते, आता तू वर आले. "ऊठ. टोपी दे माझी त्या खुंटीवरची. चल."

"कुठं आबा?"

"डेरीवर. जितं त्यो कागद वाचला, तितं."

संध्याकाळच्या दुधाची वेळ होती. बऱ्याच गाड्या लागल्या होत्या, किटल्यांची रांग होती. आबांनी सेक्रेटरीला काटा थांबवायला सांगितला. मला पुढे ढकललं आणि म्हणाले, "बोल." मी बोललो. परेडवर बोलतात तेवढा मोठा आवाज काढला. सगळं सांगून झालं. सेक्रेटरीनं चष्मा काढून पुसला.

मी निघायला वळलो तर आबांनी दंड धरला. मागून एक जण किटली घेऊन आला होता. त्यानं ऐकलं नव्हतं. "ह्याला सांग," आबा म्हणाले. मी सांगितलं. पुन्हा एक जण आला, पुन्हा सांगितलं. उजेड कमी व्हायला लागला तरी लोक येत होते आणि आबा माझा दंड सोडत नव्हते. सहाव्या की सातव्या माणसाला सांगायला मी तोंड उघडलं, तर माझा घसाच बसला होता. आवाज निघेना.

मग आबा स्वतः बोलले.

"आमचा संपत न इचारता गेला न्हवता. इचारूनच गेला. ज्याला इचारलं, त्यो ह्यो हितं उभा हाय."